विहिरीवरचं वांगं

सकाळी सकाळी अश्वजीतनं मोटर सुरू केली अन् ममताचं डोकंच फिरलं.

"काहून पाणी सोडून राहिले हो? कालच तर सोडलं होतं."

"मान टाकली ना झाडांनी. दिसत नाही का तुले?"

"जमीन ओली आहे अजून. पाय रुतून राहिला माझा."

"वरून ओली असन. खालची मुळं तहानली असतील तर? तू काय खाली जाऊन पाहून आली?"

नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये, पण खरं सांगायचं तर त्या सकाळी दोघांनाही काही कळत नव्हतं. पनागरच्या अलीकडे, सडक सोडून आत गेलं की यांचं शेत लागतं. अश्वजीतचा आजा भंडाऱ्याकडून जबलपूरला फॅक्टरीत कामाला आला, बापानं, म्हणजे नारायणरावांनी, पुढे ही जमीन घेतली आणि कायमचे इथलेच झाले. गावात सगळे हिंदी बोलतात. मराठी राहिली ती यांच्या घराच्या चौकटीच्या आत, तीही निम्मी हिंदीत भिजलेली. तर या शेतात यंदा दीड एकर वांगं होतं. सगळं एकाच जातीचं, जांभळं, चकचकीत, एका उंचीचं. मंडीतला दलाल गाडीतून उतरायच्या आधीच भाव सांगायचा, असा माल.

आणि भादव्याच्या उन्हात, जमिनीतून वाफा निघत असताना, ते वांगं मरायला लागलं. पान पिवळं नाही, कीड नाही, बुरशी नाही. हिरवंगार झाड सकाळी उभं असायचं आणि दुपारी मान खाली. पहिल्या दिवशी दोन-चार झाडं गेली. अश्वजीतनं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सरी गेली. त्यानं आणखी पाणी दिलं. मग शेजारची सरी, तिच्या शेजारची. माणूस घाबरला की जे येतं तेच करत राहतो, आणि अश्वजीतला पाणी सोडता येत होतं.

ममता धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून पाहत होती. सगळं शेत खाली वाकलेलं. फक्त पार टोकाला, जुन्या विहिरीच्या पायरीशी एक झाड ताठ उभं होतं. तिनं नजर काढून घेतली. त्या झाडाकडे या घरात कोणी फार वेळ पाहत नसे.

आता त्या झाडाचं सांगायला पाहिजे.

या घरातल्या बायकांची एक रीत होती. सून येताना पदराच्या गाठीत माहेरच्या वांग्याचं बी घेऊन यायची. सोनं आणो न आणो, बी आणायची. न्हाणीच्या पाण्यावर ते लावायचं, आणि त्या वांग्याला मग त्या बाईचं नाव पडायचं. आजेसासूचं ते भागिरथीचं, लांबुडकं, पांढरं. सासूबाईंचं पार्वताचं, टोपीएवढं मोठं, भरताचं. ममता आली तेव्हा तिनंही आणलं होतं, गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, शिजायला एकदम लोण्यासारखं. "आज कोणाची भाजी करू?" असं बायका एकमेकींना विचारायच्या आणि हसायच्या. पुढे पाकिटातलं बी आलं. शेत त्यानं भरलं, मग न्हाणीमागची जागाही भरली. एक वर्ष ममतानं आपलं बी धरलंच नाही. पाकीट मिळतेच की, म्हणाली. दुसऱ्या वर्षी शोधलं तर कुठेच नव्हतं. त्या गोष्टीचं तिला तेव्हा काही वाटलं नाही, आणि नंतर दर पावसाळ्यात वाटत राहिलं.

विहिरीवरचं झाड तिच्या थोरल्या जावेचं होतं. पुष्पाचं. ममतानं तिला कधी पाहिलं नाही. ममता या घरात यायच्या आधीच ती त्याच विहिरीत गेली. पाय घसरला म्हणतात. थोरले भासरे, म्हणजे अश्वजीतचा मोठा भाऊ, त्यानंतर भिलाईला गेले, तिथेच दुसरं लग्न करून राहिले. घरात पुष्पाचा फोटो नाही, पातळ नाही, भांड्यावर नाव नाही. तिचं नाव घेतलं की सासूबाई उठून आत जायच्या, म्हणून हळूहळू कोणी घेईनासं झालं. विहिरीवर नारायणरावांनी जाळी टाकली आणि बोअर खणला.

पण दर पावसाळ्यात त्या पायरीशी एक रोप यायचं. कोणी लावलेलं नाही, कोणी पाणी दिलेलं नाही. पानांवर काटे, देठावर काटे, फळ लिंबाएवढं, हिरवं, त्यावर पांढरे पट्टे. पार्वताबाई दरवर्षी म्हणायच्या, "ते विहिरीवरचं उपटून फेका रे." अश्वजीत उपटायचा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा हजर.

या घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. भूतबाधा, अंगात येणं, असलं काही मानायचं नाही, हे नारायणरावांनी सगळ्यांच्या मनावर ठोकून ठोकून बसवलं होतं. ममताही मानत नव्हती. तरी संध्याकाळी त्या बाजूनं येताना तिचे पाय आपोआप भरभर पडायचे. कधी वाटायचं, ती बाई पायरीवर बसून आपल्याकडे बघते आहे. रागानं नाही, नुसती बघते. माझ्या जागी आलेली ही कोण, असं.

त्या दुपारी शेजारचा हरपरसाद धुऱ्यावर आला. त्याचं वांगंही माना टाकत होतं. त्यानं यांचं शेत पाहिलं, मग विहिरीकडे पाहिलं.

"अश्वजीत भैया," तो म्हणाला, "पूरा खेत बैठ गया, और बस वो एक खड़ा है. कछु समझ रए हो?"

"क्या समझना है?"

"हम का कहें. बड़ी बहू का है वो. सबका खा गई, अपना बचा लिया."

ममतानं अश्वजीतचा चेहरा पाहिला. तिनं सरळ घरात जाऊन फोन घेतला आणि प्रणोतीला लावला.

ही प्रणोती म्हणजे जबलपूरची पोरगी, मदन महलला राहणारी, भाज्यांच्या बियाण्यावर काम करणारी. गेल्या हिवाळ्यात गावात स्कूटीवर फिरून घरोघरी विचारत होती, जुनं बी आहे का, आजीच्या वेळचं काही आहे का. लोक हसले होते. ममतानं तेवढा चहा दिला होता आणि नंबर ठेवून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. वाकलेलं शेत पाहून तिचाही चेहरा उतरला.

"काकू, मला मराठी समजते सगळी," ती म्हणाली, "बोलायला थोडी गडबड होते. आई रागावते घरी. एक काचेचा ग्लास मिळेल का, साफ पाणी भरून?"

पार्वताबाई ओट्यावर बसल्या होत्या. गुडघे गेलेले, नजर मात्र धड. प्रणोतीनं मान टाकलेल्या झाडाचा दांडा तिरपा कापला आणि ग्लासात टोक बुडवून धरून ठेवला. सगळे जवळ सरकले. थोडा वेळ काहीच नाही. मग कापलेल्या टोकातून पांढरा धागा निघाला, बारीक, सावकाश पाण्यात खाली उतरणारा. मग दुसरा, तिसरा. ग्लासातलं पाणी दुधाळ व्हायला लागलं.

"हे काय व माय," पार्वताबाई म्हणाल्या. "झाडातून दूध गळून राहिलं."

"दूध नाही आजी. किटाणू आहेत. मातीतून मुळात शिरतात आणि झाडाच्या आतले पाण्याचे रस्ते बंद करून टाकतात. झाड पाण्यात उभं असते आणि तहानेनं मरते. पानी देने से कुछ नहीं होता. उलटं, पाण्यासोबत हा रोग एका सरीतून दुसऱ्या सरीत जातो."

कोणी अश्वजीतकडे पाहिलं नाही. ते न पाहणं त्याला जास्त लागलं.

"दवाई?" त्यानं विचारलं.

"असं उभं पीक वाचवायची नाही, भैया. ही झाडं उपटून जाळायची. या जमिनीत आता काही वर्षं वांगं, टमाटर, मिरची लावायची नाही."

"सगळीच झाडं गेली. एकही नाही वाचलं?"

"सगळी एकच झाडं आहेत ना ती," प्रणोती म्हणाली. "दीड एकर आहे, पण आतून एकच झाड आहे. एकाला जो रोग होईल तो सगळ्यांना होईल. आपल्या घरात साथ आली तर एक पडतो, एक उठून पाणी देतो. इथे पाणी द्यायला कोणी उरलंच नाही."

मग चालता चालता ती विहिरीपर्यंत गेली आणि थबकली. वाकून पान पाहिलं, बुंध्याला हात लावला, काटा टोचला तो चोखला. शेताचं सगळं पाणी उतरून या पायरीशी येत होतं, माती काळी, चिकट, रोगानं भरलेली. तिनं एक लहान फांदी कापली, नवं पाणी मागवलं आणि फांदी धरली. सगळे वाट पाहत राहिले. पाणी स्वच्छच राहिलं.

"हे कोणी लावलं?"

"कोणी नाही," ममता म्हणाली. "आपोआप येते."

"किती वर्षांपासून?"

"मी लग्न होऊन आली तेव्हापासून पाहून राहिली."

प्रणोतीनं मान हलवली. "एखाद वर्ष येईल आपोआप. इतकी वर्षं, त्याच जागी, एकटं? आणि बाजूला एवढं जांभळं वांगं. मधमाशी इकडचं तिकडे करते, थोडी तरी मिलावट झाली असती, रूप बदललं असतं. काकू, मला तर वाटते याचं बी कोणीतरी निवडून सांभाळते आहे."

ममता घरातल्या एकेकाला आठवून पाहू लागली. घरात सांभाळणारं होतं कोण? नारायणराव गेले. अश्वजीत उपटणारा. आणि तिनं स्वतः तर आपलंच बी हरवलं होतं.

"खायला कसं आहे?" प्रणोतीनं विचारलं.

"कोणी खात नाही," अश्वजीत म्हणाला. "कडू आहे. बाजारात फुकट कोणी घेणार नाही."

"नको घेऊ दे. भैया, तुमच्या वांग्याजवळ रूप आहे, वजन आहे. याच्याजवळ जे आहे ते त्याच्याजवळ नाही. याच्या बुंध्यावर तुमच्या वांग्याचं कलम बांधता येईल. दोघांचा संकर करून, मग त्यातून कडू नाही आणि मरतही नाही असं झाड निवडत जायचं. वेळ लागेल, वर्षं लागतील. पण हे असलं तरच. हे गेलं की मग कुठून आणायचं?" तिनं फळं दाबून पाहिली. "अजून कच्ची आहेत. आतलं बी तयार नाही. पिवळी पडू द्या. तोपर्यंत कोणी हात लावू नका. प्लीज."

ती गेली. ममतानं पहिल्यांदाच त्या झाडाजवळ बसून पाहिलं. एका फळाच्या देठाला चिंधी गुंडाळली होती, हिरवी, मळकी, काट्यांत लपलेली. बियासाठी राखलेल्या फळाला बांधतात तशी. कोणाच्या साडीची ती तिला ओळखू येईना. ती लगबगीनं उठली आणि घरी आली. घरात कोणाला काही बोलली नाही.

गाव मात्र बोलत होतं. चौकात, दुधाच्या डेअरीवर, मंडीत. बडी बहूनं सासरचं शेत खाल्लं. अश्वजीत जिथे जाईल तिथे लोक गप्प व्हायचे. एक तर पीक गेलेलं, त्यात आपणच पाणी देऊन देऊन ते मारलं हे मनात सलणारं, आणि वरून हे. तो दिवसभर मेलेली झाडं उपटून धुऱ्यावर ढीग करत होता. प्रणोतीनं जाळायला सांगितलं होतं, तो जाळत होता. तिसऱ्या दिवशी ममता पनागरला बाजाराला गेली आणि ऑटोतून उतरून परत आली तर विहिरीच्या पायरीशी नुसता खड्डा होता.

"काय केलं तुम्ही?"

"उपटलं."

"कुठी आहे?"

त्यानं धुमसणाऱ्या ढिगाकडे हात केला. ममता धावली. काडीनं राख उकरली. एक-दोन फळं सापडली, भाजून काळी, आत पांढरा गर, बी दुधासारखं कच्चं. ती तिथेच मातीत बसली आणि तिला रडू आलं, असं की तिचं तिलाच नवल वाटलं. न पाहिलेल्या बाईसाठी कोणी एवढं रडतं का?

"रडून काहून राहिली?" अश्वजीत मागे येऊन उभा होता. "दरवर्षी उपटतोच ना मी. मायच सांगते."

"यंदा सांगतलं होतं त्यांनी?"

"नाही. यंदा नव्हतं सांगतलं."

"मंग?"

"लोकं काय बोलून राहिले ते तू ऐकलं नाही. माझ्या वहिनीले डाकीण म्हणून राहिले ते. मी लहान होतो तवा तिनं मले मांडीवर घेऊन भाकर चारली, ममता. ते झाड दिसलं का लोकायले ती दिसते. नसतं ते तर बोलले नसते." त्याचा आवाज फाटला. ममताला त्याचा राग आला होता, तो अर्धा तिथेच विरघळला.

संध्याकाळी तिनं पार्वताबाईंना ताट वाढलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"भूक नाही."

"दुपारीही नव्हती."

"मंग आताही नाही. जाय तू."

त्या मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बसल्या होत्या, जुन्या चुलीजवळ. गॅस आल्यापासून त्या चुलीवर फक्त अंघोळीचं पाणी तापायचं. धुरानं काळी झालेली भिंत. घराला रंग दिला की सगळं घर नवं व्हायचं, ही एक भिंत सोडून. पार्वताबाई हात लावू द्यायच्या नाहीत. म्हातारीची खोड म्हणून कोणी वाद घालत नसे. आज त्या भिंतीकडे एकटक पाहत बसल्या होत्या.

ममता ताट घेऊन वळली आणि दारातच थांबली. एकेक गोष्ट डोक्यात येत गेली. उपटा म्हणायच्या खऱ्या दरवर्षी, पण कधी? फळं पिवळी पडल्यावर. त्याच्या आधी कधी नाही. यंदा फळं हिरवी होती म्हणून बोलल्या नाहीत. आणि मृगानंतर, गुडघे धड नसताना, काठी टेकत टेकत तरोट्याची भाजी खुडायला त्या स्वतः जायच्या. घरात दोन माणसं असताना. ती भाजी नेहमी विहिरीच्या अंगालाच कशी मिळायची?

ती परत आत आली आणि सासूसमोर खाली बसली.

"आई, तुम्हीच लावता ना ते?"

पार्वताबाईंनी चुलीतली राख काठीनं सारखी केली.

"चिंधी कोणाची आहे? हिरवी?"

मग म्हातारीनं पदर तोंडाशी नेला.

"तिचं पातळ होतं. पेटीत आहे अजून, पुरं फाडून फाडून हातभर राहिलं." त्या थांबल्या. "ती मायेची होती व. तिले आपल्या वांग्याचं लय कौतुक. आमच्याकडे असंच खातात म्हणे, कडू असलं तरी अंगाले चांगलं. अश्वजीतले पाहायले पाव्हणे आले होते सिहोऱ्याहून. मोठं घर. मी तिले सैपाक सांगतला. तिनं हौसेनं आपलं वांगं केलं. त्या दिवशी नेमकं जास्तच कडू निघालं. पाव्हण्यायनं घास बाजूले काढला. सोयरीक नाही झाली. वांग्यापायी नाही मोडली ती, देण्याघेण्यात मोडली, मले ठाऊक होतं. पण राग कोणावर काढू मी?"

"काय म्हणाल्या तुम्ही?"

"सगळ्यायसमोर म्हणाली. तुह्या माहेरचं सगळंच कडू. अन्..." आवाज अगदी खाली गेला. "अन् झाडाले फळ धरते, तुले काही धरत नाही, असं म्हणाली मी."

ममतानं डोळे मिटले.

"सकाळी पाणी आणायले गेली, ते आलीच नाही. पाय घसरला, असं पहिले मीच म्हणाली. मंग सगळे म्हणाले. खरं काय ते तिले ठाऊक अन् विहिरीले." पार्वताबाई बोलत राहिल्या, अडवलेलं पाणी सुटावं तशा. "न्हाणीवर तिचं झाड होतं. एका वांग्याले चिंधी बांधून गेली होती. ते पिवळं झालं. माह्यानं फेकणं नाही झालं. बी काढलं. पुढच्या साली विहिरीवर लावलं. तिथी तिचं काही तरी उभं राहिलं पायजे, असं वाटे. अन् उपटा म्हणून मीच ओरडे, म्हणजे कोणी इचारणार नाही."

ममताला एक गोष्ट तेव्हा कळली आणि ती तिला आवडली नाही. ती सिहोऱ्याची सोयरीक झाली असती तर ममता या घरात आलीच नसती. त्या कडू भाजीच्या वाटेनंच ती आत आली होती. पायरीवरची बाई तिच्याकडे पाहते असं वाटायचं, ते काही उगाच नव्हतं.

"यंदाचं बी जळालं, आई."

"ठाऊक आहे."

"मागच्या सालचं आहे?"

पार्वताबाई भिंतीला धरून उठल्या. चुलीच्या वर, हात पुरेल तिथे, काळ्या पडलेल्या शेणाच्या थापट्या चिकटलेल्या होत्या. ममता इतकी वर्षं त्यांना भिंतीचाच भाग समजत होती. म्हातारीनं उलथन्यानं एक थापटी सोडवली आणि हातावर फोडली. राखेत माखलेलं बारीक, चपटं, पिवळट बी.

"धुरानं कीड लागत नाही," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या थापटीकडे हात केला. "ते तुह्यं आहे."

"माझं काय?"

"तुह्यं वांगं. रेघांचं. तू ज्या साली नाही धरलं, त्या साली मी एक पिकू देलं होतं. बी ठेवलं."

ममतानं ती थापटी हातानं चाचपली. "मंग लावलं काहून नाही कधी?"

"तुह्यं मी काहून लावू? तू होती ना जिती. मले वाटे, आज नाही तर उद्या इचारशीन."

सकाळी प्रणोती आली. तिनं दोन्ही बियांना नखानं टोकरून पाहिलं, वास घेतला. ममतानं सगळं सांगितलं नाही, लागतं तेवढं सांगितलं. अश्वजीत दारात उभा होता, त्यानं रात्रीच सगळं ऐकलं होतं. तो आईशी अजून बोलला नव्हता.

"हे काटेरीचं उगवेल," प्रणोती म्हणाली. "आजी, दरवर्षी नवं करत होत्या तुम्ही, म्हणून जिवंत आहे. हे दुसरं फार जुनं आहे. मी प्रयत्न करते." तिनं पाकिटं काढली, पेन काढलं. "याचं काही नाव आहे का? नसेल तर गावाचं नाव टाकते."

ममता सासूकडे पाहत राहिली. अश्वजीतही. पार्वताबाईंनी दोन्ही हात काठीवर ठेवले.

"पुष्पाचं वांगं," त्या म्हणाल्या. "पुष्पा नाव लिही. माह्यी मोठी सून."

अश्वजीत दारातून निघून विहिरीकडे गेला. बऱ्याच वेळानं आला, तेव्हा त्यानं तो खड्डा नीट करून, बाहेरची माती आणून भरली होती. मोटरचं पाणी मात्र त्यानं त्या बाजूला वळवलं नाही.

पुष्पाचं बी सगळं उगवलं. ममताचं एकही उगवलं नाही. प्रणोतीनं ओल्या कागदात ठेवून पाहिलं, कोमट पाण्यात भिजवून पाहिलं, फोनवर सांगताना तिचाच आवाज बारीक झाला होता. गेलेल्या बाईचं बी जितं राहिलं आणि जित्या बाईचं मेलं. ममता "बरं" म्हणाली, फोन ठेवला, आणि न्हाणीमागे जाऊन उगाच तिथली जागा झाडत बसली. आपल्या माहेरी आता कोणाकडे असेल ते, या विचारानं तिनं दोन-तीन फोनही केले. कोणाकडे नव्हतं.

मेलेल्या शेतात, मुद्दाम त्याच मातीत, प्रणोतीनं एक सरी लावून घेतली. काही रोपं नुसती काटेरी, आणि काही अशी की खाली बुंधा पुष्पाचा आणि वर कलम त्या जांभळ्या वांग्याचं. बाजूला दोन-चार जांभळी तशीच, बिनकलमी, पारखायला. थंडी सरून ऊन वाढलं तशी ती बिनकलमी जांभळी एकेक करून मान टाकून बसली. बाकीची सरी उभी राहिली. हरपरसाद रोज धुऱ्यावर यायचा, पाहायचा, जायचा. एक दिवस त्यानं ममताला विचारलं, "भाभी, बड़ी बहू वाला बीज हमें भी मिल जाए का?" तिनंही त्याच्याकडे नुसतं पाहिलं, थोडं जास्त वेळ, आणि मग हो म्हणाली.

त्या महिन्यात अश्वजीतनं घरी पुष्पाचं पुण्यानुमोदन ठेवलं, गेलेल्या माणसासाठी करतात ती वंदना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भासरे भिलाईहून आले नाहीत, फोन आला. फोटो नव्हता, म्हणून ममतानं त्या हातभर हिरव्या पातळाची घडी पाटावर ठेवली. वंदना झाली. मग पंगत.

भाजी ममतानं सरीतल्या पुष्पाच्या वांग्याची केली होती. चिंच, गूळ, तीळ सगळं घातलं, तरी चव घेतली तेव्हा जीभ आक्रसली. तिनं तीच वाढली. अश्वजीतनं पहिला घास घेतला आणि त्याचा हात ताटावरच थांबला. प्रणोतीनं पाण्याचा ग्लास उचलला.

पार्वताबाई भाकरी मोडून खात होत्या. खाली मान घालून, सावकाश, एकेक घास. वाटीतलं सगळं संपवलं. बोटानं वाटी पुसली.

"आई," ममता हळूच म्हणाली, "कडू असन तर राहू द्या. वरण वाढते."

"कडू आहे," पार्वताबाई म्हणाल्या आणि रिकामी वाटी पुढे केली. "वाढ अजून."